श्यामचं गवत

चाचणीच्या दिवशी सकाळी श्याम हिवसेने जे केलं ते एवढं लहान काम होतं, की करताना त्याला फारसं काही वाटलंही नाही. गंजात, म्हणजे घरच्या पातेल्यात, कोमट पाणी घेतलं, त्यात मूठभर मीठ आणि गुळाचा खडा विरघळवला आणि गाईच्या कोठ्यामागे ठेवलेल्या गवताच्या चार भाऱ्यांपैकी एका भाऱ्यावर ते पाणी शिंपडलं. बाकीच्या भाऱ्यांवर त्याने विहिरीचं साधं पाणी मारलं, म्हणजे सगळे सारखेच ओले दिसतील.

खैरी हे गाव परतवाड्याहून चांदूर बाजारकडे जाताना लागतं. संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर आणि अलीकडे घरोघरी एखादी दुभती गाय. गावात दूध संस्था होती आणि तिच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं काम श्याम करायचा. उन्हाळा आला की हिरव्या चाऱ्याची मारामार व्हायची. लोक मळणीनंतर उरलेलं तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार घालायचे, परवडेल तेवढी सरकीची ढेप द्यायचे, तरी दूध आटायचं ते आटायचंच. म्हणून संस्थेने ठरवलं, की नीट पारखून एक गवत निवडायचं आणि त्याची ठोंबं सगळ्या सभासदांना वाटायची.

हे काम दूध संघाच्या पशुवैद्यक डॉ. गजाला यांच्याकडे आलं. त्या मूळच्या अकोल्याच्या. नोकरीपायी परतवाड्यात खोली घेऊन राहायच्या. श्यामच्या वावरात विहिरीला पाणी होतं, म्हणून तिथेच चार वाफे पाडले. एकात गिनी गवत, एकात मारवेल, एकात अंजन. चौथं गवत श्यामने स्वतः आणलेलं होतं, जळगावकडच्या साडूच्या मळ्यातून. ते हत्ती गवताच्या जातीचं होतं. माणूस उभा राहिला तर दिसायचा नाही एवढं उंच जायचं. कापलं की पुन्हा तरारून यायचं. रस्त्याने जाणारे लोक मोटारसायकल थांबवून विचारायचे, "हे कायचं पीक आहे भाऊ?" आणि श्याम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून सांगत बसायचा.

त्याला या विचारण्याची फार भूक होती. त्याचं कारण कडकनाथ. काही वर्षांमागे त्याने काळ्या कडकनाथ कोंबड्या पाळल्या होत्या आणि गावातल्या आणखी काही घरांनाही पाळायला लावल्या होत्या. कोंबड्या रोगाने गेल्या, उरलेल्या विकत घेणारा माणूस फोन उचलेना. सगळ्यांत जास्त नुकसान श्यामचंच झालं, पण गावाने त्याचं नाव 'कडकनाथ' ठेवलं ते ठेवलंच. शाळेतली पोरंही त्याला कडकनाथकाका म्हणायची. त्याची बायको रागिणी पाण्याला गेली की मागून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवायचं. ती घरी येऊन नुसती भांडी आपटायची.

वजनात श्यामचं गवत सगळ्यांच्या पुढे होतं. काट्यावर भारा चढवला की इतर गवतं त्याच्यापुढे पेंढीएवढी वाटायची. राहिलं होतं ते एकच, गाईंच्या पसंतीचं. चारही गवतं गाईंपुढे मोकळी टाकायची आणि त्या कुठल्याला आधी तोंड लावतात, कुठलं संपवतात, कुठलं टाकून देतात ते पाहायचं. आदल्या संध्याकाळी श्यामने घरच्या गाईपुढे चारही गवतांची एकेक पेंढी टाकून पाहिली. गाईने त्याचं गवत हुंगलं, फुर्रर केलं आणि गिनीकडे वळली. त्याने पेंढ्यांची जागा बदलली. गाय पुन्हा गिनीकडेच गेली, मग मारवेलकडे. त्याच्या गवताच्या पानांवर बारीक, टोचणारी कूस होती. भारा उचलला की त्याच्याही हातांना खाज सुटायची. पण या गोष्टीकडे त्याने आजवर लक्षच दिलं नव्हतं.

त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही. उद्या सगळ्या गावासमोर गाय तोंड फिरवील आणि कुणीतरी आरवेल, एवढंच त्याला दिसत होतं.

चाचणी ग्रामपंचायतीच्या पटांगणात झाली. गावातल्या निवडक गाई आणून बांधल्या होत्या. त्यांत पार्बताबाई खेरडे यांची बुंदी होती. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके, म्हणून नाव बुंदी. पार्बताबाई साठीच्या पुढच्या. नवरा नव्हता, मुलगा अमरावतीला कंपनीत, घरात त्या आणि ही गाय. श्यामच्या घरामागेच त्यांचं घर होतं, श्याम त्यांना लहानपणापासून काकू म्हणायचा.

दावी सैल केल्याबरोबर बुंदी सगळ्यांच्या आधी पुढे झाली. तिने गिनीला नाक लावलं, मग श्यामच्या भाऱ्याजवळ आली आणि तिथेच थांबली. पानं चाटली आणि मग कचाकचा खायला लागली. बाकीच्या गाई तिच्या अंगावर रेटून आल्या. थोड्या वेळात भाऱ्याचा चोथाही उरला नाही.

"पाह्य पाह्य, माही बुंदी पाह्य!" पार्बताबाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. "तिनंच पहिलं पसंत केलं!"

डॉ. गजाला जरा बुचकळ्यात पडल्या होत्या. "हे पुन्हा करायला हवं," त्या संस्थेचे अध्यक्ष अश्विन ढोमणे यांना म्हणाल्या. "दुसऱ्या गाई घेऊन, भाऱ्यांच्या जागा बदलून, आठवडाभर तरी. आणि अकोल्याच्या प्रयोगशाळेला पाठवलेल्या गवताच्या नमुन्यांचा अहवालही अजून आलेला नाही."

"मॅडम, लावणीचे दिवस जाऊन राहिले," अश्विन म्हणाले. "वजनात हेच पहिलं, चवीत हेच पहिलं. आता अजून काय पाहाचं?"

लोकही तेच म्हणत होते. शेवटी डॉक्टरांनी निकालाच्या कागदावर सही केली. कुणीतरी बुंदीचा व्हिडिओ काढला होता, तो दुपारपर्यंत आजूबाजूच्या गावांच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं: खैरीचं श्यामगवत.

पावसाळ्यात घरोघरी श्यामगवताची ठोंबं लागली. पार्बताबाईंच्या वावराच्या धुऱ्यावर आपोआप उगवलेलं मारवेल होतं, दरसाल कापलं तरी येणारं. ते त्यांनी मजूर लावून खोदून काढलं आणि तिथे श्यामचं गवत लावलं. "माह्या बुंदीले आवडते म्हून," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

त्या दिवसांत श्याम सुखी होता, हे खोटं नाही. लोक त्याला श्यामभाऊ म्हणायला लागले. शेजारच्या गावांतून फोन येत होते, कधी लावायचं, किती पाणी द्यायचं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं तो सांगायचा, माहीत नव्हतं तेही सांगायचा. सकाळच्या त्या शिंपडण्याची आठवण आली की तो स्वतःला समजवायचा, की गवत चांगलंच आहे, आपण नुसता हात लावला. कोवळेपणी पहिली कापणी झाली तेव्हा गाईंनी ते बऱ्यापैकी खाल्लंही. त्याला वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

हिवाळा लागला तशी गवताची कांडं निबर झाली. पानांवरची कूस टोचायला लागली. गाई वरवरचे शेंडे ओढायच्या आणि बाकीचं गव्हाणीत तसंच टाकायच्या. काही गाईंच्या ओठांना बारीक पुरळ आलं. दूध कमी व्हायला लागलं. केंद्रावर माप घेताना ते श्यामला रोज दिसत होतं. ज्या कॅनमध्ये काठापर्यंत दूध यायचं ती अर्ध्यावर यायला लागली.

त्याला वाटत होतं, आता लोक आपल्याला धरतील. पण तसं झालं नाही. जे झालं ते त्याहून वाईट होतं.

"माही गाय लय नखरेल झाली रे श्याम," एक जण म्हणाला. "चांगलं गवत घालतो, खातच नाई."

"आमच्या ढोराले सवयच नाई चांगल्याची," दुसरा म्हणाला. "त्यायले कुटारच पाह्यजे."

गवताला कुणी नाव ठेवेना. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, गाई त्या भाऱ्यावर कशा तुटून पडल्या होत्या ते. तेव्हा खोट गवतात असणं शक्यच नव्हतं. खोट आपल्या गाईत होती, नाहीतर आपल्या हातात. लोक श्यामसमोर वरमून बोलायचे, जणू त्याने दिलेली चांगली वस्तू त्यांनी वाया घालवली होती. श्याम मान खाली घालून दूध मोजायचा.

एका सकाळी पार्बताबाई कॅन घेऊन आल्या. कॅनमध्ये दूध जेमतेम होतं.

"श्याम, बुंदी खात नाई रे," त्या हळूच म्हणाल्या. "हुंगते अन् सोडून देते. तेव्हा तर कसं हावऱ्यासारखं खाल्लं तिनं. तुनं तर पाह्यलं. मंग आता काहून असं करून राहिली?"

मागे लोक उभे होते. श्याम म्हणाला, "लाड करता काकू तुमी तिचे."

"मंग काय करू?"

आणि श्यामने सल्ला दिला. एव्हाना सल्ला देणं त्याच्या जिभेला सवयीचं झालं होतं. "दुसरं काहीच घालू नका. ना कुटार, ना ढेप. दोन-तीन दिवस निघाले की भुकेनं बरोबर खाईन."

"खाईन नं?"

"खाईन."

त्या मान हलवून गेल्या. सांगावं, मागे बोलवावं, असं त्याला क्षणभर वाटलं. तेवढ्यात पुढच्याने कॅन पुढे केली.

नंतर काही दिवस पार्बताबाई केंद्रावर आल्या नाहीत. मग एका संध्याकाळी रिकाम्या हातांनी आल्या. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या.

"आता माह्या घरचं दूध नाई येणार," त्या म्हणाल्या. "बुंदी इकली मी. परतवाड्याच्या गेल्या बाजारात. घटांगकडचा एक गवळी घेऊन गेला."

श्यामच्या हातातलं माप तसंच राहिलं. "काहून इकली?"

"काय करू मंग? तू म्हनला तसं केलं. उपाशी राहिली पन त्या गवताले तोंड नाई लावलं. दूध तर आटूनच गेलं. पोरगा म्हने, आई, इकून टाक, बिघडलं जनावर." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुही चूक नाई. तुनं तर चांगलंच सांगतलं. तिच्यातच खोट निघाली, त्याले कोन काय करन?"

आता केंद्रावर कुणी नव्हतं. मागे रांगही नव्हती. सांगायला काही आडकाठी नव्हती. श्याम म्हणाला, "पाहू काकू, दुसरी गाय पाहू," आणि टाकी धुवायला वळला. त्या गेल्याचं त्याला चपलांच्या आवाजावरून कळलं. टाकी धुऊन झाली, पुन्हा धुऊन झाली, तरी त्याच्याने बाहेर निघवेना. कडकनाथ म्हणून हाक ऐकली की त्याचं तोंड गरम व्हायचं, पण ती लाज दुसऱ्यांनी लावलेली होती. ही कुणी लावली नव्हती. हिच्याबद्दल कुणाला ठाऊकही नव्हतं, आणि म्हणून ती कुणावर ढकलताही येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं काम उरकून तो परतवाड्याला गेला. बाजारातल्या ओळखीच्या माणसाकडून गवळ्याचं नाव काढलं आणि धारणीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसला. बुंदी परत विकत घ्यायची, काकूंच्या दारात आणून बांधायची, म्हणजे मग सांगायची गरजच उरणार नाही, असा त्याचा बेत होता. घाट चढताना सागाची पानं रस्त्यावर पडली होती. घटांगच्या अलीकडे जीप थांबली, तिथून विचारत विचारत तो गवळ्याच्या झोपडीपर्यंत पोचला.

गवळी म्हातारा होता. खाटेवर बसून दोर वळत होता. "वो चितकबरी? ठिपक्यावाली?" तो म्हणाला. "आहे नं. वर चरून राहिली. चला, दाखवतो."

टेकडीच्या उतारावर वाळलेलं डोंगरी गवत गुडघ्याएवढं उभं होतं. पंधरा-वीस जनावरांत बुंदी होती. श्यामला ती ठिपक्यांवरून ओळखू आली, नाहीतर ओळखली नसती. खाली मान घालून ती एका लयीत चरत होती. पोटाच्या खळग्या भरायला लागल्या होत्या.

"चांगली गाय मिळाली," गवळी म्हणाला. "खान्यात काही नखरा नाई तिचा. आली तेव्हा हड्डी हड्डी दिसत होती. कोन असा मानूस होता, उपाशी मारत होता तिले? अन् हे पाहा."

त्याने बुंदीचं तोंड धरून वळवलं. नाकाच्या वर, डोळ्याच्या खाली, काडीचे, बारीक छडीचे, वळ होते. एका ठिकाणी खपली धरली होती.

"तोंडावर मारते का कोनी जनावराले? ओळखता काय तुमी त्या मानसाले?"

"नाई," श्याम म्हणाला.

बुंदीने मान सोडवून घेतली आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. श्यामने गाय परत द्याल का, असं विचारून पाहिलं, जास्तीचे पैसे देतो म्हणाला. गवळ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. गाय गाभण राहण्याच्या बेताला आली आहे, आणि जिथून ती अशी हालत होऊन आली तिथे परत पाठवायची त्याची इच्छा नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग पाणी दिलं, चहा घेता का विचारलं. चहा न घेताच श्याम निघाला. घाट उतरताना जीपमध्ये त्याच्या शेजारची बाई आपल्या लेकराला काहीतरी भरवत होती, तेही त्याला पाहवेना.

घरी आल्यावर त्याने रागिणीला सगळं सांगितलं. गूळ, मीठ, शिंपडणं, सगळं. ती भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी गुळाचा डबा उघडा होता. गंजाच्या बुडाशी मीठ साचलं होतं. मी तो गंज घासला."

"मंग बोलली काहून नाई?"

रागिणीने परातीतलं पीठ गोळा केलं. "लोक तुमाले श्यामभाऊ म्हनत होते," ती म्हणाली. "पान्याले गेलं की मागून कोनी काही म्हनत नव्हतं. मलेही बरं वाटून राहिलं होतं." मग ती म्हणाली, "जा, आत्ताच जा काकूकडं. उद्या जातो म्हनसान तर जानार नाई तुमी."

पार्बताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. ऊन उतरलं होतं. श्याम त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. सुरुवात कशी करायची ते त्याला सुचेना, म्हणून त्याने आधी बुंदी पाहून आल्याचं सांगितलं. ती बरी आहे, भरली आहे, डोंगरावर चरते आहे.

"खाते?" पार्बताबाईंचं सूप थांबलं.

"खाते. सगळं खाते. काकू, तिच्यात खोट नव्हती. माह्या गवतात होती. चाचणीच्या दिवशी त्या भाऱ्यावर मी गुळामिठाचं पानी मारलं होतं. म्हून तिनं खाल्लं. मले आधीच माहीत होतं गाई ते खात नाईत म्हून."

पार्बताबाईंना ते समजायला वेळ लागला. त्यांनी सूप खाली ठेवलं. तुरीचे चार दाणे उचलून परत सुपात टाकले.

"म्हंजे तिनं गूळ खाल्ला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् मंग ती खात नव्हती ते बरोबर होतं तिचं."

"हो काकू."

"अन् तू मले म्हनला, उपाशी ठेव."

श्याम सुपाबाहेर पडलेले दाणे वेचायला लागला.

"मी मारलं तिले," पार्बताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाढला नव्हता. "तिसऱ्या दिवशी गवताची पेंढी तिच्या तोंडाशी धरली, खाय म्हटलं. तिनं मान फिरवली. मंग काडी घेतली अन् तोंडावर मारलं. मी! वासरू होती तेव्हापासून हातानं चारलं तिले. ती नुसती पाहत राहिली माह्याकडं. मले वाटलं, किती माजली ही."

"काकू, माह्यामुळं झालं ते."

"नाई. गवत तुह्यं होतं. काडी माह्या हातात होती." मग त्या एकदम भडकल्या. "काहून सांगाले आला तू मले? गाय गेली, मी म्हटलं, खोडीची होती, गेली तर गेली. दोन घास जात होते. आता काय करू मी या गोष्टीचं? तू सांगून मोकळा झाला. मी कोनाले सांगू?"

"मी आनतो तिले परत. गवळ्याचे पाय धरतो."

"आनू नको. तिच्यापुढं मी कोन्या तोंडानं उभी राहू?" त्यांनी सूप उचललं. "जा तू आता."

श्याम उठला. दारापर्यंत गेला तरी मागे पाखडण्याचा आवाज आला नाही.

त्याच आठवड्यात त्याने संस्थेची बैठक बोलवायला लावली आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. आधी लोकांना ती थट्टा वाटली. मग ओरडा झाला. कुणी म्हणालं, केंद्रावरून हाकला याले. कुणी म्हणालं, माह्या बायकोनं रोज गाईले शिव्या घातल्या, त्याचं काय? कोपऱ्यातून कुणीतरी 'कडकनाथ' म्हणालं, पण त्यावर कुणीही हसलं नाही. अश्विन ढोमणे यांना हे प्रकरण गावाबाहेर जायला नको होतं. "झालं ते झालं, थोबाड बंद ठेवा," असं ते सांगत होते.

डॉ. गजालाही बैठकीला शेवटपर्यंत बसून होत्या. लोक पांगल्यावर श्याम त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"अकोल्याचा अहवाल दिवाळीआधीच आला होता," त्या म्हणाल्या. "या गवतात जून झाल्यावर पचण्यासारखं फार थोडं उरतं, असं त्यात स्पष्ट होतं. मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, लोक खूश आहेत, राहू द्या. मी राहू दिलं. एका सकाळच्या चाचणीवर सही केली होती ना, ती चुकली म्हणायला मला जड गेलं." त्या फाईल बॅगेत घालत होत्या, ती नीट जाईना. "तुमच्यावर रागावायचा मला हक्क आहे, श्यामभाऊ. पण आज तोंड उघडत नाही."

पुन्हा चाचणी झाली, या वेळी डॉक्टरांनी सांगितली तशी. रोज वेगळ्या गाई, रोज भाऱ्यांच्या जागा बदललेल्या, भारे कापणीपासून गव्हाणीपर्यंत डॉक्टरांच्या नजरेसमोर. खाल्लेलं आणि उरलेलं दोन्ही तोललं. ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांच्यासाठी गिनी ठरलं, कोरडवाहूवाल्यांना धुऱ्यावर मारवेल. श्यामचं गवतही अगदी टाकाऊ निघालं नाही. कोवळं असताना कापलं आणि कुट्टी करून कुटारात मिसळलं, तर गाई ते खात होत्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर कुणाचंच एवढं नुकसान झालं नसतं. पण सांगणारा म्हणून जो गावभर मिरवत होता, त्यालाच ते ठाऊक नव्हतं.

केंद्राचं काम श्यामने सोडलं. उन्हाळाभर तो ज्यांनी ज्यांनी बोलावलं त्यांच्या वावरात जाऊन ते गवत खोदून देत होता. त्याची मुळं खोल जातात, ठोंब एका घावाने निघत नाही. पानांच्या कुसेने त्याच्या दंडांवर चट्टे उठले. रागिणी रात्री खोबरेल तेल लावून द्यायची. पार्बताबाईंनी त्याला बोलावलं नव्हतं. तो आपण होऊनच त्यांच्या धुऱ्यावर गेला, सगळं गवत काढलं आणि पावसाआधी मारवेलची मुळं लावून आला. पार्बताबाईंनी ते पाहिलं असणार, पण हो किंवा नाही असं काहीच म्हटलं नाही. त्यांच्या कोठ्यात आता गाय नव्हती. ते मारवेल कापून कुणाला घालायचं, हेही श्यामला विचारता आलं नाही. रस्त्यात गाठ पडली तर त्या पदर सावरून पुढे जायच्या.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी पार्बताबाई मागच्या दाराने आल्या आणि रागिणीला म्हणाल्या, "तू येतं का माह्यासंगं घटांगले? एकटीच्यानं जावत नाई मले." श्याम आतच होता. त्यांना ते माहीत होतं, पण त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. तोही बाहेर आला नाही.

दोघी सकाळच्या एसटीने गेल्या. श्यामचं त्या दिवशी वावरात लक्ष लागेना. तो दोनदा रस्त्यापर्यंत येऊन गेला. दिवस मावळायच्या आत रागिणी परतली, हातपाय धुतले, चूल पेटवली. काय झालं ते त्याने विचारलं नाही. विचारायचा आपल्याला अधिकार नाही असं त्याला वाटत होतं. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून तीच म्हणाली,

"काकू लांबच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, जा जवळ, हाक मारा. तर नाई म्हने. बुंदीनं एकडाव मान वर केली, पाह्यलं आमच्याकडं, अन् पुन्हा चराले लागली. ओळखलं का नाई, काय माहीत."

"मंग?"

"मंग काही नाई. काकू तिथंच बसल्या, दगडावर. लय वेळ. ती खात होती अन् ह्या पाहत होत्या. गवळी म्हने, या जवळ, हात लावा. तरी नाई गेल्या." रागिणीने आपला कप उचलला. "येताना गाडीत एवढंच म्हनल्या, खाऊन राहिली बाप्पा, पोटभर खाऊन राहिली."

श्यामने चहा घेतला नाही. मागच्या घरात पार्बताबाई दिवा लावत होत्या. कोठ्याकडची खिडकी त्यांनी लावून घेतल्याचा आवाज आला.